केळवण मागता येत नाही

माझा धंदा जुन्या ऑफिस फर्निचरचा. कुठे कंपनी बंद पडली, कुणी ऑफिस हलवलं, की तिथल्या खुर्च्या, टेबलं, लोखंडी कपाटं मी एकगठ्ठा उचलतो, कोलशेतच्या गोडाऊनमध्ये आणतो, पुसून-रंगवून विकतो. या धंद्यात मला कुणी भिडस्त म्हणणार नाही. माझा आवाज गोडाऊनच्या पत्र्याला लागून परत येतो. सुटाबुटातला मॅनेजर असो नाहीतर हमालांचा मुकादम, मी कुणाशीही भांडू शकतो आणि भांडण संपल्यावर त्याच्याच पैशाने चहा पिऊ शकतो.

पण मला एखाद्या बारशाला नेऊन उभं करा. हात कुठे ठेवायचे तेच मला कळत नाही. समोरून कुणी ओळखीचं येताना दिसलं की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. पायात चपला असल्या तरी वाकतो. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण लिफ्टमध्ये कुणीतरी भेटतं आणि 'काय, कसं काय?' विचारतं, म्हणून मी वर्षानुवर्षं जिनाच वापरतो. लोकांना वाटतं शेठ तब्येतीला जपतात.

याचं कारण मी मनाशी शोधून ठेवलं आहे. धंद्यात दोन माणसांच्या मध्ये एक खुर्ची असते. दोघांनाही माहीत असतं आपण इथे का उभे आहोत. बारशात मध्ये काहीच नसतं. पाळणा असतो, पण त्याचा भाव विचारता येत नाही. मी एकदा विचारलेला. बायको अजून सांगते.

आता माझी तक्रार. ती आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे लोक माझी बाजू विसरतात.

खोपटला एसटी डेपोजवळ माझ्या मामाचं छोटं दुकान होतं. गावाहून आलो तो तिथेच उभा राहिलो आणि भाव करायला शिकलो, विकताना आणि घेतानाही. घेताना मामाचा एकच धडा होता. भाव जमत नसेल तर वस्तू खाली ठेवायची, 'राहू दे' म्हणायचं आणि पायरी उतरायची. सावकाश. मागे वळून बघायचं नाही. हाक येतेच. 'ओ शेठ, या, या, तुम्ही बोला काय द्यायचं ते.' हाक आली की अर्धी लढाई तुमची. आपण होऊन परत गेलात तर मेलात, मग दुकानदार सांगेल तो भाव. मी आयुष्यात कधी आपण होऊन परत गेलेलो नाही.

टेंभी नाक्याजवळच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. पहिल्याच वर्षी कोजागरीला गच्चीवर बोलावलं होतं. बायकोने इस्त्रीचा शर्ट घालायला लावून मला वर पाठवलं. मसाला दुधाचा ग्लास हातात आला, आणि मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. लोक गाणी म्हणत होते, हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. माझ्याशी कुणी बोललं नाही. मी कुणाशी बोललो नाही हे खरं, पण मी नवा होतो. शेवटी मी ग्लास टाकीवर ठेवला, 'बरं, निघतो' असं ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं आणि जिन्याकडे निघालो. सावकाश. प्रत्येक मजल्यावर जरा थांबलो. वरून हसण्याचा आवाज येत होता. हाक आली नाही.

त्या दिवसापासून मी बिल्डिंगच्या एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. वर्गणी सगळ्यांत आधी दिली, आणि तोंड दाखवलं नाही.

"कोजागरीला तुम्ही भाव करायला गेलेलात का?" बायको विचारते.

"प्रश्न भावाचा नाही. एक हाक मारायला काय जातं?"

"अहो, पण त्यांना काय माहीत तुम्ही उतरताना थांबताय ते?"

बायको त्यांच्याच बाजूने बोलते, कारण ती सगळ्यांच्या घरी जाते. नवरात्रात बिल्डिंगमधल्या बायका मिळून नाक्यावरच्या देवीला जातात, तेव्हा मी त्यांना टेम्पोतून सोडतो आणि टेम्पोतच बसून राहतो. एरवी बायकोला जे काही बोलावणं येतं ते तिच्या एकटीचं. आम्हा दोघांना म्हणून कुणी बोलावत नाही.

हे असंच चाललं असतं. पण मुलीचं लग्न ठरलं.

मुलगा डोंबिवलीचा. माणसं चांगली, आणि बोलकी इतकी, की त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्यावर बोलायची वेळच आली नाही, त्यामुळे मला ती फार आवडली. लग्न फेब्रुवारीत होतं. डिसेंबर लागताच तिकडे मुलाची केळवणं सुरू झाली. आज मावशीकडे, उद्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये, परवा शाळेतल्या बाईंकडे. तो फोटो पाठवायचा. केळीचं पान, भोवती रांगोळी, समई, आणि मधोमध हा लाजून बसलेला. मुलगी ते फोटो आईला दाखवायची. मीही लक्ष नसल्यासारखं करून बघायचो.

आमचे नातेवाईक सगळे गावाला. मुलगी चार वर्षांची असल्यापासून याच बिल्डिंगमध्ये वाढली. तिला केळवण करणार तर हेच लोक, आणि अजून कुणी बोलावलं नव्हतं.

एकदा जेवताना ती म्हणाली, "आपल्याकडे बहुतेक कुणी नाही बोलावणार. चालेल. माझं वजन तरी नाही वाढणार."

हसत म्हणाली. पण हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, भातात बोट फिरवत होती.

मला सणकून राग आला. म्हटलं, "बघून घेतो एकेकाला!"

"काय बघून घेणार?" बायको म्हणाली. "चेअरमनची कॉलर धरून सांगणार, माझ्या पोरीला श्रीखंड वाढ म्हणून?"

हीच तर पंचाईत होती. हॉल, आचारी, मंडप, बँडवाले, सगळ्यांचे भाव मी पाडले होते. केळवणाचा भाव करता येत नाही. मागताही येत नाही. मागितलं की ते नुसतं जेवण होतं. लोकांच्या मनात यावं लागतं, आणि लोकांच्या मनात मी फक्त जिन्यावरून जाणारी एक पाठ होतो.

"लोक केळवण मुलीला करतात, पण बोलवायला येतात बापाकडे," बायकोने फर्मावलं. "तुमच्या तोंडाकडे बघून कुणाची बेल वाजवायची हिंमत होत नाही. उद्यापासून संध्याकाळी खाली बाकावर बसायचं. आणि बोलायचं."

"काय बोलायचं?"

"हवापाण्याचं बोला."

बाक गेटजवळ बदामाच्या झाडाखाली. मी कोलशेतहून येताना टेम्पोत वाक्य घोकत आलो. 'काय, आज फार उकडतंय.' चारपाच वेळा वेगवेगळ्या सुरात म्हणून बघितलं. बाकावर तिघं गप्पा मारत होते. मी जाऊन टोकाला बसलो. तिघंही गप्प झाले.

"काय, आज फार उकडतंय," मी म्हणालो.

तिघांनी माझ्याकडे बघितलं. एकाने अंगात स्वेटर घातला होता. डिसेंबरातली संध्याकाळ, आणि मी उन्हाळ्यात ऐकलेलं वाक्य घोकून आलो होतो.

"हो," स्वेटरवाले म्हणाले. पहिल्या दिवसाचं बोलणं तिथे संपलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मला जमतं ते बोलायला घेतलं. एकजण नवीन मिक्सर घेऊन गेटमधून येत होता. "केवढ्याला?" मी विचारलं. त्याने सांगितलं. "फसवलं तुम्हाला," मी म्हणालो. कुठे घ्यायला हवा होता, किती कमी झाले असते, तेही समजावलं. मला वाटलं गप्पा रंगल्या. मग एकाचे बूट, एकाचा फोन, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची पैठणी. सगळ्यांना फसवलं होतं. मी आपलं आपुलकीने सांगत होतो. आठवडाभरात लोक बाकाजवळून जाताना पिशव्या पाठीमागे धरायला लागले.

वॉचमन एक दिवस हळूच म्हणाला, "शेठ, तुम्ही बसलात की लोग पीछेके गेटसे जातात."

मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडलो, की मागच्या गेटपर्यंत ऐकू गेलं असणार.

अशात चौथ्या मजल्यावरचे काका बाकावर आले. बँकेतून रिटायर झालेले, सत्तरीचे, दर वाक्याला मान हलवणारे. माझ्या शेजारी बसले आणि कानाशी येऊन म्हणाले, "शेठ, एक काम होतं. हिला आता गुडघ्यामुळे खाली बसवत नाही. डायनिंग टेबल घ्यायचंय. मुलाने कल्याणचं एक दुकान सांगितलंय. तुम्ही याल का बरोबर?"

"मी?"

"अहो, मला भाव करायची लाज वाटते. समोरच्याने आकडा सांगितला, की मला नाही म्हणवतच नाही."

भाव करायची लाज! गप्पांची लाज मी समजू शकतो, पण ही कसली? मला या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

रविवारी आम्ही टेम्पोने कल्याणला गेलो. वाटेत मी अखंड बोललो. सागवान कसं ओळखायचं, पॉलिशखाली काय काय लपवतात, सांध्याला कान लावून कसं ठोकायचं. आमच्या मध्ये एक टेबल होतं ना, जरी ते अजून घेतलं नव्हतं. काका मान हलवत होते.

दुकानात मी टेबलाला उलटं केलं, ठोकलं, पाय हलवून बघितले. मालक घामाघूम झाला. पण भावावर अडला. मग मी ठरल्या वेळी, ठरल्या सुरात म्हणालो, "राहू दे. चला काका." आणि पायरी उतरलो.

सावकाश. रस्ता ओलांडला. समोर उसाच्या रसाची गाडी होती, तिथे थांबलो. हाक आली नाही. काकाही आले नाहीत. एक ग्लास रस प्यायलो. पाठ दुकानाकडे, कान दुकानाकडे. दुसरा ग्लास प्यायलो. थंडीत दुसरा ग्लास जात नाही, पण नुसतं उभं कसं राहणार?

शेवटी हाक आली, ती काकांची. दुकानाच्या पायरीवर उभे राहून हात हलवत होते. "अहो शेठ, तिकडे काय करताय? चहा गार होतोय!"

आत गेलो तर मालक आणि काका एकाच बाकड्यावर. काकांची पहिली बदली ज्या गावात झाली होती, ती मालकाची सासुरवाडी निघाली. मालकाच्या सासऱ्यांचं खातं काकांनी उघडलेलं. आणि मालकाने आपण होऊन भाव उतरवला होता. मी मागितला होता त्याच्याही खाली.

मी चहा प्यायलो, पण तो मला गोड लागला नाही.

परत येताना टेबल मागे बांधलेलं, काका पुढे माझ्या शेजारी. मी दोनदा उगाच गिअर बदलला. मग राहवलं नाही.

"काका, मी पायरी उतरलो की तुम्ही मागोमाग यायचं असतं. मग ते हाक मारतात."

"अस्सं होय! मला वाटलं तुम्हाला लघवीला जायचं असेल."

"काका, मी चला म्हटलं होतं."

"हो, पण मला वाटलं रागाने म्हणताय. तुम्ही कोजागरीलाही तसेच उठून गेलेलात. मी हिला म्हटलं, शेठना पहाटे माल उचलायचा असणार. कामाच्या माणसाला अडवू नये."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागून टेबल घसरल्याचा आवाज आला.

"तुम्ही बघितलेलंत?"

"बघितलेलं की. दुधाचा ग्लास टाकीवर ठेवलेलात. अर्धा तसाच होता."

"मग हाक का नाही मारलीत?"

"शेठ, तुम्ही हाक मारण्यासारखं तोंड कुठे केलेलंत? चिडून चालल्यासारखे दिसत होतात. मनात काय आहे ते आम्हाला कसं कळणार?"

यावर मी एका रिक्षावाल्याला जोरात हॉर्न मारला. तो बिचारा माझ्या वाटेत नव्हताच.

त्यानंतर बाकावर काका माझ्या शेजारी बसायला लागले, आणि ते बसतात म्हणून बाकीचेही. बायकोने मला नवीन धडा दिला. 'केवढ्याला' हा शब्द बंद. त्याऐवजी कुणीही काहीही सांगितलं की फक्त विचारायचं, 'मग पुढे काय झालं?' मला वाटलं हे चालणार नाही. पण लोक बोलत सुटतात. स्वेटरवाल्यांनी मला त्यांच्या पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन पूर्ण सांगितलं. मी चार शब्द बोललो, आणि दुसऱ्या दिवशी ते बायकोला म्हणाले, शेठ फार छान गप्पा मारतात.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काका आणि काकू. काकूंनी हातातली हळदकुंकवाची डबी सांभाळत सोफ्यावर बूड टेकलं. बायको वाण्याकडे गेली होती, मुलगी आत चहा टाकत होती.

काका म्हणाले, "शेठ, पोरीचं केळवण आमच्याकडे. या रविवारी. तुम्ही तिघांनी यायचं."

मला तिथल्या तिथे हो म्हणायचं होतं. पण तोंड माझं तीस वर्षं एकाच कामाला लावलेलं. समोरून काहीही पुढे आलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं.

"छे छे, कशाला उगाच! राहू दे, काका."

म्हणालो आणि थांबलो. आता ते आग्रह करणार, मग मी थोडं आढेवेढे घेणार, मग हो म्हणणार. हे असंच असतं.

काका मान हलवत म्हणाले, "बरं, बरं. लग्नघर आहे. तुमची धावपळ असेल. नाही, हरकत नाही." काकूंचा चेहरा जरा उतरला. चहा पिऊन दोघं गेले. आकडा सांगितला की ज्याला नाही म्हणवत नाही, तो माणूस दुसऱ्याचं 'नाही'सुद्धा निमूट घेतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मुलगी ट्रे हातात घेऊन उभी होती. "बाबा, तुम्ही राहू दे म्हणालात?"

"अगं, तसं म्हणायचं असतं."

"त्यांना कसं कळणार?" ती म्हणाली आणि कप विसळायला आत गेली.

बायको आली, तिने सगळं ऐकलं. ती ओरडली नाही. पिशवीतला गूळ काढून डब्यात ठेवत एवढंच म्हणाली, "बसा आता. मारतील हाक."

मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी बाकावर काका आले नाहीत, काकूंना दवाखान्यात घेऊन गेलेले. तिसऱ्या दिवशी आले आणि महागाईवर बोलले. माझ्याकडे बघून हसले, जसे नेहमी हसतात. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी तो विषय संपला होता. रविवार जवळ येत होता. घरात मुलगी डोंबिवलीचे फोटो आता आईला दाखवेनाशी झाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी जिना चढायला लागलो. आमचा मजला आला, तिथे न थांबता पुढे गेलो. लिफ्टने जाता आलं असतं, पण लिफ्टमधून मधेच परत फिरता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर मी खरोखरच फिरलो. तेवढ्यात तिथल्या काकी कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या.

"शेठ, तुम्ही इकडे कुठे?"

"वर," मी म्हणालो. आता वर जाणं भाग होतं.

बेल वाजवली. टेम्पोत घोकलेलं वाक्य असं होतं: 'काकू, परवा आपण जो विषय काढलात त्याबद्दल घरात चर्चा करून...' काकूंनी दार उघडलं आणि वाक्य जिन्यावरून खाली गेलं.

"काकू, आम्हाला यायचंय," मी म्हणालो.

"कुठे?" आतून काका.

"केळवणाला. मी राहू दे म्हटलं, ते... मला तसं म्हणायचं नव्हतं. पोरीला यायचंय. मलाही यायचंय." नव्या टेबलाच्या खुर्चीला मी धरून उभा होतो.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे शेठ, परवा तुम्ही पायरी उतरलेलात? आणि आम्ही हाक मारायची होती?"

"हो."

"अरेरे! कल्याणहून येताना शिकवलेलंत तुम्ही मला. पण मी पडलो बँकेतला माणूस, एकदा सांगून माझ्या डोक्यात राहत नाही." ते इतके हसले की काकूंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

मग काकू माझ्याकडे वळल्या. "या रविवारी या. पण एक अट. जेवण झालं की लगेच उठून जायचं नाही. मी तिसऱ्या मजल्यावरच्यांनाही बोलावणार आहे. सगळ्यांबरोबर बसायचं."

"किती वेळ?" माझ्या तोंडून गेलं.

"दोन तास."

"अर्धा तास, काकू. मला बसायची सवय नाही."

"पावणेदोन. त्याखाली जमणार नाही."

"एक. तुमचं नाही, माझं नाही."

"दीड. पटत असेल तर बघा, नाहीतर राहू दे," काकू म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या. सावकाश.

"काकू, काकू! दीड. दीड चालेल!"

परक्या घरात इतकं मोकळं मला आधी कधी वाटलं नव्हतं. काकूंनी मला चांगलंच कापलं होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी टेबलावर रांगोळी काढता येईना, म्हणून काकूंनी ताटाभोवती शेवंतीच्या पाकळ्यांची वेल घातली. भरली वांगी, मसालेभात, श्रीखंड. तिसऱ्या मजल्यावरच्या काकींनी मुलीला ओवाळलं, आणि आपल्याकडे कधी येतेस ते विचारलं. मुलीने ताटाचा फोटो डोंबिवलीला पाठवला. फोटोत कडेला माझा हात आला आहे. तिने तो कापून टाकला नाही.

दीड तास कधी झाला मला कळलं नाही. काका त्यांच्या पहिल्या बदलीची गोष्ट सांगत होते, आणि मी विचारत होतो, मग पुढे काय झालं? शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, चला आता. काकूंना झोपायचंय दुपारचं."

कोजागरीची माझी तक्रार मात्र मी मागे घेतलेली नाही. बायको म्हणते, आता तरी सोडा. का सोडू? एक माणूस अर्धा ग्लास टाकीवर ठेवतो, निघतो म्हणतो आणि सावकाश उतरायला लागतो. त्याचं तोंड कसंही असेल. एक हाक मारायला काय जातं?

पहिल्या मजल्यावर एक नवीन बिऱ्हाड आलं आहे. त्यातला मुलगा मला गेटपाशी दिसला की फोनमध्ये तोंड घालतो. परवा तर बुटाची नाडी बांधायला वाकला. यंदा कोजागरीला मी गच्चीवर जिन्याच्या दाराशीच खुर्ची टाकून बसणार आहे.